ओतीलियाचा डावा डोळा

"दुकान बंद करा नाहीतर उघडं टाका, काय हवं ते करा, पण आधी माझं ऐका," वाल्देसी दारातूनच सांगत आला. "मारिनेत येतेय. उद्या दुपारच्या बसनं. लिंदाल्वाताई, माझी बहीण येतेय."

लिंदाल्वा तेव्हा कुणाच्या तरी मेलेल्या सासऱ्याला टाय बांधत होती. म्हणजे संगणकाच्या पडद्यावर. जिवंतपणी त्या बिचाऱ्याने गळ्यात घाम पुसायच्या फडक्याखेरीज काही बांधले नव्हते, पण मुलाने पैसे भरून सूट-टाय मागितला होता आणि लिंदाल्वा तो देत होती. टाय तसाच अर्धवट सोडून ती उठली आणि तिने वाल्देसीचे दोन्ही हात धरले. हात सिमेंटने खरखरीत झालेले. साठी ओलांडलेला हा गवंडी, पण आज त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"खरं सांगतोस? बस कुठली? कोण बोललं तुझ्याशी?"

"ती स्वतः. फोनवर. म्हणाली, दादा, मी तिकीट काढलं. मला दादा म्हणाली ती."

शेजारी तापिओकाच्या धिरड्यांची गाडी लावणारी झेफा उलथने हातात घेऊनच आत आली. गावात काही घडले आणि झेफाला ते दुसऱ्या कुणाकडून कळले, असे उमारीत आजवर झाले नव्हते. "रडायचं असेल तर खुर्चीत बसून रड," ती वाल्देसीला म्हणाली, "आणि आधी हे सांग, जेवायला काय करणार आहेस? तुला तर साधं अंडं तळता येत नाही."

मारिनेतची गोष्ट उमारीत कुणाला ठाऊक नव्हती? सिआरा प्रांतात मोठा दुष्काळ पडला तेव्हा ओतीलियाने आपली धाकटी पोर, नुकती पाऊल टाकायला लागलेली, दूरच्या मारान्याओ प्रांताकडे निघालेल्या एका निपुत्रिक व्यापाऱ्याला देऊन टाकली होती. घरात राहिली असती तर महिनाभरात मेली असती, एवढा साधा हिशेब होता. तिला ट्रकवर वर उचलून दिले होते ते वाल्देसीनेच. तेव्हा तो स्वतः ट्रकच्या चाकाएवढा होता. त्यानंतर पोरीचा पत्ता नाही. ओतीलिया म्हातारी झाली, रस्त्याकडे बघत बघत गेली. आणि आता गेल्या महिन्यात, हरवलेल्या माणसांची नावे वाचणाऱ्या रेडिओच्या कार्यक्रमात मारान्याओच्या एका बाईने फोन केला, आणि गावे जुळली, आईचे नाव जुळले, दुष्काळाचे साल जुळले.

"तिनं आईला कधी बघितलंच नाही," वाल्देसी म्हणाला. "म्हणजे बघितलं असेल, पण त्या वयात काय आठवणार? म्हणून आलोय. तुम्ही केलेलं आईचं चित्र माझ्याकडे आहे, तसंच एक तिच्यासाठी हवं. पण मोठं. दारातून आत येताना आधी आईच दिसली पाहिजे."

"मोठं म्हणजे केवढं?"

वाल्देसीने हात पसरले. आणखी पसरले. झेफाने उलथन्याने त्याचा एक हात खाली केला. "दारातून आत तरी यायला हवं ना ते."

लिंदाल्वा हसत हसत संगणकाकडे वळली. तिलाही आता उत्साहाचे भरते आले होते. असे काम कितीदा येते? सिआराच्या खेड्यांत घर म्हटले की भिंतीवर एक रंगवलेला फोटो असायचाच; आणि उमारीच्या आसपासच्या बहुतेक घरांतले फोटो लिंदाल्वाच्या हातचे. चौदाव्या वर्षी ती या धंद्यात आली. तिचा नवरा अदाउतो गावोगाव सायकलवर हिंडून लोकांच्या ट्रंकांतले बोटभर फोटो गोळा करायचा आणि उंबऱ्यावर बसून विचारायचा, सूट हवा का, मोत्यांची माळ हवी का, दात भरायचे का, मेलेल्या बाळाचे डोळे उघडायचे का. ती घरी बसून ब्रशने ते सगळे द्यायची. डोळे तर तिची खासियत. एक मोठा एक बारीक, एक तिरपा, एक मिटलेला, काही येवो, तिच्या हातून बाहेर पडताना दोन्ही सारखे, टपोरे आणि किंचित ओले. झेफा म्हणायची, उमारीतल्या भिंतींवरच्या सगळ्या आज्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी दिसतात. लिंदाल्वाला ती स्तुती वाटायची.

अदाउतो गेला, ब्रश वाळले, आणि फोर्तालेझा शहरात नोकरी करणाऱ्या भाच्याने, क्लेतोनने, तिला संगणक आणि स्कॅनर आणून दिला. जाताना त्याने तिच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. मावशी, प्रत्येक फोटोच्या दोन कॉप्या. एक मोठी, भरगच्च, ती जपून ठेवायची, कुणाला द्यायची नाही. दुसरी लहान, हलकी, ती फोनवरून पाठवायची. लहानीवरून मोठी होत नाही, मोठीवरून लहान केव्हाही होते. लिंदाल्वाने हे पुरते ध्यानात ठेवले होते.

"ही बघ तुझी आई," ती म्हणाली.

पडद्यावर ओतीलिया आली. निळा पोशाख, गळ्यात मोती, गाल भरलेले, दोन डोळे टपोरे. लिंदाल्वाने चित्र मोठे केले, आणखी मोठे केले, इतके की पडद्यावर नुसता एक मोती उरला, आणि त्या मोत्यावरची चमकसुद्धा कुठे फाटली नव्हती.

"चर्चच्या भिंतीएवढी केली तरी अशीच राहील," ती म्हणाली. "याला म्हणतात मोठी कॉपी."

छपाईयंत्र घरघरू लागले आणि ओतीलिया कपाळापासून खाली उतरायला लागली. तोवर लिंदाल्वाने लहान कॉपी वाल्देसीच्या फोनवर टाकली आणि त्याने ती झेफाच्या मदतीने मारिनेतला पाठवली. उद्यापर्यंत तिला कशाला थांबवा? आणि मग तिघेही फोनकडे बघत उभे राहिले. बाहेर झेफाचे एक धिरडे करपले आणि तिने चक्क करपू दिले.

मारिनेतचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. जाडसर, थोडा घोगरा, मारान्याओच्या हेलाचा.

"दादा, बघितलं. किती सुंदर आहे आपली आई. मी मुलींना दाखवली, त्या म्हणतात, आजी सिनेमातली वाटते." मग मुलींना बाहेर पाठवल्याचा आवाज. "दादा, एक विचारू? माझी डावी पापणी पडलेली आहे. जन्मापासून. शाळेत मला झोपाळू म्हणायचे. मला वाढवलं त्यांच्यात कुणाची अशी नव्हती, ते म्हणायचे, ही तुझ्या त्या लोकांकडची. मी आयुष्यभर आरशात बघून म्हणायची, हा डोळा माझ्या आईचा. बाकी काही नाही माझ्याकडे तिचं. पण फोटोत तिचे दोन्ही डोळे चांगले दिसतात. मग हा कुणाचा, दादा?"

छपाईयंत्र थांबले. ओतीलिया पुरी बाहेर आली होती आणि दोन्ही टपोऱ्या डोळ्यांनी छताकडे बघत होती.

"होती का रे तिची पापणी पडलेली?" झेफाने विचारले.

वाल्देसीने खांदे उडवले. "आई ती आई. तिच्या पापणीकडे कोण बघतं?"

"अरे, तू तिच्याबरोबर पन्नास वर्षं राहिलास."

"राहिलो ना. पण आता आठवायला गेलो की हीच येते." त्याने छापलेल्या चित्राकडे बोट केले. "तीन वर्षं रोज भिंतीवर हिलाच बघतोय. काल झोपेत आई आली, चुलीपाशी बसून मका भाजत होती, आणि गळ्यात मोत्यांची माळ. आईनं कधी मोती बघितलासुद्धा नव्हता."

लिंदाल्वाने छापलेले चित्र हातात घेतले. तिलाही आठवत नव्हते. डोळे सारखे करणे ती विचार करून करायचीच नाही. हात आपसूक जायचा, जसा बायकांचा हात तांदळातल्या खड्याकडे जातो.

"त्यात काय एवढं," ती घाईने म्हणाली. "तो मूळचा फोटो आण ना घरून. मतदार कार्डासाठी काढलेला, तो छोटा. आत्ता बघू."

वाल्देसी खुर्चीत बसला. "तो संताकडे आहे."

मग ते कळले. आई गेल्यावर तो नवस बोलला होता, की बहीण सापडू दे, माझ्याकडे जे सगळ्यांत मोलाचं आहे ते तुला वाहीन. आणि त्याच्याकडे मोलाचे म्हणजे आईचा तो एकुलता फोटो. लिंदाल्वाने चित्र करून दिले, आता आई भिंतीवर मोठी झाली आहे, मग छोटा फोटो संताला आगाऊच द्यायला हरकत नाही, असे म्हणून तो पायी संताच्या ठाण्यावर गेला आणि नवसाच्या खोलीत, नवस फेडताना वाहिलेल्या लाकडी हातापायांच्या आणि हजारो फोटोंच्या गर्दीत, त्याने तो टाचणीने लावला. ती भिंत भरली की जुने फोटो उतरवून प्रार्थना म्हणून जाळतात, हे सगळ्यांनाच माहीत. गेल्या वर्षी तो बघायला गेला तेव्हा त्या जागी दुसरीच तोंडे होती.

"म्हणजे संतानं बहीण दिली आणि आई नेली," लिंदाल्वा म्हणाली.

झेफाने उलथन्यासकट छातीवर क्रूस काढला. "संताला बोल लावू नये. त्यानं सौदा चोख केला. तुमच्या त्या यंत्रात बघा की. तुम्ही फोटो आत घातला असेलच ना आधी?"

घातला होता. लिंदाल्वा पडद्यावरचे फोटोंचे खण धडाधड उघडू लागली. ओतीलिया, निळा पोशाख, मोठी. ओतीलिया, निळा पोशाख, लहान. बस्स. तिने क्लेतोनला फोन लावला.

"मावशी, मूळ फोटोची मोठी कॉपी कुठे ठेवतेस तू?"

"मूळची कशाला ठेवू?"

"मग मोठी कॉपी कशाची ठेवतेस?"

"चित्राची! तयार झालेल्या! मूळचे मेले डागाळलेले, दुमडलेले, दात पडलेले. ते कुणाला हवे असतात? काम झालं की पुसून टाकते. जागा किती खातात ते."

"मावशी," क्लेतोन अगदी हळू म्हणाला, "मी मूळच्याबद्दलच सांगितलं होतं."

लिंदाल्वाने फोन खाली ठेवला. इतकी वर्षे तिने केवढ्या निष्ठेने दोन दोन कॉप्या ठेवल्या होत्या, एक मोती फाटू दिला नव्हता. आणि त्या मोत्यांखालच्या बाया, उमारीच्या साऱ्या आज्या, मावश्या, सासरे, त्यांना तिने स्वतःच्या हाताने कचऱ्यात घातले होते. तिला एकदम रडू आले आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

पण नुसते रडत बसणारी बाई ती नव्हे. ती ताडकन उठली. "वाल्देसी, फोन दे तुझा. काम घेताना मी तुला विचारलं होतं ना, माणूस हाच ना म्हणून?"

ही तिची एक सवय होती. पूर्वी एकदा दोन भावांच्या फोटोतल्या मेलेल्याला सोडून तिने जिवंत असलेल्याभोवती पांढरी फुले रंगवली होती, आणि तो गृहस्थ स्वतः येऊन स्वतःचे चित्र घेऊन गेला होता, वर पैसेही देऊन. तेव्हापासून ती काम सुरू करण्याआधी आलेला फोटो, जसा असेल तसा, लहान कॉपी करून गिऱ्हाइकाला पाठवायची.

"मी फोनमधलं काही पुसत नाही," वाल्देसी म्हणाला. "पुसायचं कसं तेच येत नाही."

"देव तुझं भलं करो."

तिघांची डोकी एका फोनवर जमली. लिंदाल्वाचे बोट वर वर सरकत होते. सुप्रभातचे गुलाब. बैलाच्या औषधाची जाहिरात. झेफाने पाठवलेले संत, फुलांसकट, रोज एक. विटांचे भाव. पुन्हा संत. "किती संत पाठवतेस ग झेफा?" "ह्याला गरज होती." बाहेर दोन गिऱ्हाइके धिरड्यांसाठी उभी होती, तीही आत आली आणि काय चालले आहे ते कळल्यावर हलेनात. बोट वर, आणखी वर. आणि मग लिंदाल्वाचा आवाज, तीन वर्षांपूर्वीचा: माणूस हाच ना? आणि त्याखाली ती.

सगळे एकदम ओरडले. वाल्देसीने फोन छातीशी धरला, मग भानावर येऊन परत दिला.

डोक्याला फडके, गाल आत गेलेले, ओठ घट्ट. लिंदाल्वाने घाईघाईने ती पडद्यावर घेतली आणि मोठी केली. ओतीलियाचे तुकडे झाले. आणखी मोठी केली, तर नुसते करडे चौकोन, भिंतीवरच्या फरशांसारखे.

"डोळा कुठला यात?" झेफा म्हणाली.

"लहानीवरून मोठी होत नाही," लिंदाल्वा स्वतःशीच पुटपुटली. तिने पुन्हा लहान केली. तुकडे जवळ आले, बाई परत आली. डाव्या डोळ्यावर काहीतरी होते खरे. पापणी, की फडक्याची सावली? वाल्देसी म्हणाला पापणी. झेफा म्हणाली सावली. गिऱ्हाइकांत एक एक मत पडले.

"ताई," वाल्देसी खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही मेलेल्या पोरांचे डोळे उघडलेत. एक पापणी खाली नाही करता येणार? मोठ्या चित्रात? ती एवढ्या लांबून येतेय."

लिंदाल्वाने खुर्ची पुढे ओढली. मग मोठे चित्र पुढे घेतले आणि कामाला लागली. हात अजून तयार होता. पापणी जराशी उतरली, कड ओली झाली, खाली बारीक सावली पडली. झेफासुद्धा पुढे वाकली. चित्रातली बाई एकदम दमलेली आणि खरी दिसायला लागली.

"हीच," वाल्देसी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "आई शप्पथ हीच. आता आठवलं. अशीच बघायची."

"वाल्देसी," लिंदाल्वा म्हणाली, "मी उजवी पाडली."

वाल्देसी पडद्याकडे बघत राहिला, मग त्याने तोंड फिरवले. लिंदाल्वाने केलेले सगळे पुसले. तिला त्याचा राग नव्हता आला. तिला स्वतःच्या हाताची भीती वाटली होती. तो काहीही खरे करू शकत होता.

"मोठं चित्र तू घरी लाव," ती म्हणाली. "तुझ्या आईचा मान आहे तो. पण मारिनेतला मी जे आहे तेच देणार. जेवढं आहे तेवढंच."

तिने लहान कॉपी छापली. जेवढ्यात ती फाटत नाही तेवढीच, अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी. एरवी ती चित्राला सोनेरी चौकट द्यायची. हिला द्यायला तिच्याकडे चौकटच नव्हती. एका पांढऱ्या पाकिटात घालून तिने ती ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी बस यायच्या कितीतरी आधी अर्धे उमारी थांब्यावर हजर होते. झेफाने धंदा बंद ठेवून वाल्देसीच्या घरी मक्याच्या रव्याचे कुसकुस वाफवले होते, बकऱ्याचे मटण शिजवले होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचा वास घ्यायला आत बोलावत होती. वाल्देसीने पांढरा सदरा घातला होता. बहिणीला काय म्हणायचे ते त्याने सकाळपासून पाठ केले होते आणि भेटेल त्याला म्हणून दाखवले होते.

बस आली. एक रुंद बांध्याची, करड्या केसांची बाई पायरीवरून हळूच उतरली, आणि कुणीही काही न सांगता गर्दीने वाट दिली. डावी पापणी अर्ध्या डोळ्यावर उतरलेली होती. वाल्देसी पाठ केलेले सगळे विसरला. तो म्हणाला, "पिशवी जड आहे का?"

"आहे," ती म्हणाली. मग दोघांनी एकमेकांना धरले आणि पिशवी रस्त्यातच पडून राहिली.

घरात शिरताच समोर ओतीलिया होती, भिंतभर. मारिनेत तिच्यापुढे खूप वेळ उभी राहिली.

"आई श्रीमंत होती का?" तिने शेवटी विचारले.

"नाही ग," वाल्देसी म्हणाला. "माळ लिंदाल्वाताईंची."

सगळे हसले, मारिनेतही हसली, पण नजर चित्रावरून उतरून जमिनीकडे गेली. लिंदाल्वा पुढे झाली. तिने काल रात्री मनाशी बरेच बोलून ठेवले होते, मी चुकले, मी पुसलं, वगैरे. ते सगळे बाजूला ठेवून तिने पाकीट पुढे केले.

"माझा हात लागण्याआधीची आहे ही," ती म्हणाली. "एवढीच उरली. डोळ्याजवळ नेऊ नकोस, जवळ नेली की पळते. लांब धर. दारातल्या उजेडात."

मारिनेतने तो एवढासा तुकडा उजव्या तळहातावर घेतला आणि हात लांब केला. दारातल्या माणसांनी बाजूला होऊन उजेड येऊ दिला. ती बघत होती. मान थोडी तिरपी झाली.

मग तिने मूठ मिटली.

"काय ग?" झेफाला राहवेना. "आहे का डोळा?"

"मी अजून बघतेय," मारिनेत म्हणाली.

मिटल्या मुठीत काय बघतेय, असे विचारायला झेफाने तोंड उघडले होते, पण लिंदाल्वाने तिचा दंड धरला. दारातले लोक माना लांब करत होते. एक म्हातारी म्हणाली, आम्हालाही दाखव की. मारिनेतने ऐकले नाही. या सगळ्यांनी ओतीलियाला जन्मभर फुकटात बघितले होते.

जेवायला बसली तेव्हाही तिने मूठ सोडली नाही. पाकिटात घालून ठेव, असे कुणी सुचवले नाही. तिने डाव्या हाताने चमचा धरायचा प्रयत्न केला. कुसकुस निम्मे ताटाबाहेर सांडले. वाल्देसीने तिच्या हातातून चमचा काढून घेतला, मटणाच्या रश्शात कुसकुस नीट कालवले, गार व्हावे म्हणून त्यावर फुंकर घातली, आणि पहिला घास तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड उघडले.